वाचकांचे प्रश्न : एला फिट्झजेराल्ड आणि हार्लेमचे मंच

प्रश्न : जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड न्यू यॉर्कच्या अपोलो थिएटरमधील हौशी कलाकारांच्या स्पर्धेत गायली आणि एका रात्रीत प्रसिद्ध झाली, असे माझ्या वाचनात आले. हे कितपत खरे आहे? हार्लेम या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील ज्या नाइटक्लबांत आणि नाट्यगृहांत अशा गायिका पुढे आल्या, त्यांचे स्वरूप कसे होते आणि त्यांपैकी आज काय उरले आहे?

उत्तर : स्पर्धेची हकीकत खरी आहे, ‘एका रात्रीत’ हे मात्र खरे नाही. २१ नोव्हेंबर १९३४ रोजी सतरा वर्षांची एला अपोलोच्या मंचावर चढली, ती नाचण्याच्या इराद्याने. आईचा मृत्यू दोन वर्षांपूर्वी झाला होता, मधला काही काळ सुधारगृहात गेला होता आणि त्या दिवसांत तिला राहायला हक्काचे घर नव्हते. तिच्या आधी एडवर्ड्स भगिनींचे नृत्य इतके रंगले की त्यानंतर नाचण्याचा धीर तिला झाला नाही. ती ऐनवेळी गायली, आपली आवडती गायिका कॉनी बॉसवेल हिच्या ढंगात, आणि पंचवीस डॉलरचे पहिले बक्षीस तिने मिळवले.

त्या रात्रीचे श्रेय गायिकेइतकेच प्रेक्षकांचेही मानले पाहिजे. अपोलोचा प्रेक्षक न आवडलेल्या गायकाला गोंगाट करून मंचावरून उतरायला लावी. त्यामुळे तिथली टाळी कधीच उपचाराची नसे. १९१४ च्या सुमारास उभारलेल्या या नाट्यगृहात आरंभीची वीस वर्षे कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. १९३४ च्या जानेवारीत ते नव्या नावाने त्यांच्यासाठी खुले झाले आणि त्याच वर्षी एला तिथे गायली. ज्या सभागृहाचे दार कालपर्यंत आपल्याला बंद होते, तिथे बसून आपल्यातल्याच एका अनोळखी मुलीला पसंती देण्याचा अधिकार त्या वस्तीला नुकताच मिळाला होता. त्या विजयाचा हा पैलू मला फार मोलाचा वाटतो.

बक्षीस मिळाले तरी अपोलोत आठवडाभर गाण्याची जी संधी विजेत्याला मिळायची, ती तिला मिळाली नाही. तिचा गबाळा अवतार व्यवस्थापनाला रुचला नाही, असे तिचे चरित्रकार लिहितात. १९३५ च्या आरंभी त्याच १२५ व्या रस्त्यावरील हार्लेम ऑपेरा हाऊसमध्ये टायनी ब्रॅडशॉच्या बँडबरोबर तिला एक आठवडा मिळाला, आणि त्याच सुमारास ड्रमवादक चिक वेबशी तिची गाठ घालून देण्यात आली. वेबलाही तिचे रूप पाहून संकोच वाटला होता. येल विद्यापीठातील एका नृत्यसमारंभात तिची परीक्षा पाहिल्यावरच त्याने तिला आपल्या बँडमध्ये घेतले.

तिची खरी शाळा त्यानंतर सुरू झाली, आणि ती होती लेनॉक्स मार्गावरील सॅव्हॉय बॉलरूम. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या नृत्यगृहात गोरे आणि काळे एकाच फरशीवर नाचत, जे त्या काळात अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी शक्य होते. दोन बँडसाठी दोन मंच असल्यामुळे एकाचे वादन थांबले की दुसऱ्याचे सुरू होई. नाचणाऱ्यांसाठी गाताना लय क्षणभरही ढिली पडून चालत नाही. एलाच्या गाण्यात पुढे जी चपळ, निर्दोष लय दिसते तिचे मूळ मला या फरशीवर सापडते. तिथल्या कार्यक्रमांच्या थेट प्रक्षेपणामुळे तिचा आवाज रेडिओवरून दूरवर पोहोचला. एका बालगीतावर बेतलेले तिचे गाणे १९३८ मध्ये देशभर गाजले, म्हणजे अपोलोच्या त्या रात्रीनंतर जवळजवळ साडेतीन वर्षांनी. आणि १९३९ मध्ये वेबचे निधन झाल्यावर तोच बँड तिच्या नावाने चालू लागला.

नाइटक्लबांची गोष्ट वेगळी आहे. एलाची वाट त्यांतून गेली नाही, जॅझ गायिका बिली हॉलिडेची गेली. १३३ व्या रस्त्यावरील लहान, कोंदट क्लबांत ती टेबलाटेबलाशी जाऊन, मिळेल त्या बक्षिशीवर गात असे. १९३३ मध्ये तिथल्याच एका क्लबात, मोनेट्समध्ये, ध्वनिमुद्रण-निर्माता जॉन हॅमंड याने तिला ऐकले आणि त्याच वर्षी तिची पहिली तबकडी निघाली. श्रोता हातभर अंतरावर असताना आवाज चढवण्याची गरज नसते. शब्द जवळून, हळू उच्चारण्याची तिची रीत या खोल्यांतच मुरली असावी. झगमगाटासाठी प्रसिद्ध असलेल्या कॉटन क्लबचे नाव इथे काहीसे संकोचानेच घ्यावे लागते. गायिका लेना हॉर्नने तिथे १९३३ मध्ये, सोळाव्या वर्षी, नर्तकींच्या ताफ्यातून सुरुवात केली हे खरे, परंतु मंचावर कृष्णवर्णीय कलाकार आणि समोर केवळ गोरे ग्राहक, असा तिथला नियम होता. त्यामुळे हार्लेममध्ये असूनही तो क्लब हार्लेमचा नव्हता.

अपोलो आजही उभे आहे आणि १९८३ पासून ती शहराची संरक्षित वास्तू आहे. ऑपेरा हाऊस पाडले गेले. सॅव्हॉय १९५८ मध्ये बंद झाले आणि त्या जागी निवासी इमारती आल्या. २००२ मध्ये तिथे स्मृतिफलक बसवण्यात आला, आणि त्याचे अनावरण फ्रँकी मॅनिंग व नॉर्मा मिलर या, एकेकाळी त्याच फरशीवर नाचलेल्या दोन वृद्ध नर्तकांच्या हस्ते झाले.