लॉजचं सॉफ्टवेअर बनवून द्यायचंय, मालकाकडून रिक्वायरमेंट कशी काढावी? तयार प्रश्नावली मिळेल का?

प्रश्नावल्या नेटवर ढिगाने पडल्यात आणि सगळ्या सारख्याच. खोल्या किती, युजर किती, रिपोर्ट कोणते, हाउसकीपिंग हवं का. मालक बसल्या बसल्या सगळ्यापुढे 'हो' लिहून परत पाठवतो आणि आपल्याला वाटतं रिक्वायरमेंट झाली.

या विषयावरून माझं जुन्या पार्टनरशी वाजलं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

काम तुळजापूरच्या एका लॉजचं होतं. मंदिर चालत जाण्याइतकं जवळ, खाली नाश्त्याचं हॉटेल, मालक राहायला सोलापूरला. पार्टनरने पुण्यात बसून मालकाशी फोनवर बोलून जाडजूड डॉक्युमेंट तयार केलं आणि त्यावर सहीसुद्धा आणली. चेक-इन दुपारी बाराला, चेक-आउट सकाळी दहाला, रात्री बाराला नाइट ऑडिट, म्हणजे दिवसभराच्या हिशेबाचा ताळा, होऊन दिवस बंद. मालकाने ते उघडून तरी पाहिलं असेल का, देव जाणे. मी म्हटलं, एकदा काउंटरवर बसून येतो. तर हा म्हणे, "सही झालीय ना? मग आता उकरून कशाला काढतोस?"

मी मुद्दाम मंगळवार धरून गेलो. काउंटरवर मॅनेजर होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. पुढ्यात लांब हिशेबाची वही. काही नावं पेन्सिलीने लिहिलेली, काही पेनाने. फोनवरून नुसतं सांगून ठेवलेला माणूस पेन्सिलीने, खोलीत शिरला की त्यावरूनच पेन फिरवायचं. ज्याच्याकडून पैसे आलेत त्याच्या नावाखाली रेघ. आमच्या डॉक्युमेंटात यासाठी 'बुकिंग स्टेटस' एवढंच होतं आणि पर्याय दोन, कन्फर्म आणि कॅन्सल. पेन्सिलवाल्याला कुठे बसवायचं?

मग दिसलं की एका खोलीपुढे एकाच तारखेला तीन नावं आहेत. विचारलं तर मामा म्हणाले, "दोन घरं आंघोळीपुरती आली व्हती, दर्शन करून गेली बी. तिसरं मुक्कामी हाय. नवरात्रात तर खोली वाळतच नाय बगा."

आता हे मालक फोनवर का सांगेल? त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नाहीच, खोल्या अशाच जातात. आणि आमच्या डेटाबेसचा पायाच एक खोली, एक तारीख, एक गिऱ्हाईक असा घातलेला. बुकिंग तारखेवर न ठेवता सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळेवर ठेवायचं, एवढाच बदल. पण तो पहिल्या आठवड्यात केला तर एका टेबलाचं काम, बिलिंग आणि रिपोर्ट बांधून झाल्यावर केला तर सगळं उसवायचं. पार्टनरचं उत्तर: "चेंज रिक्वेस्ट आहे, वेगळे पैसे लाव." लॉजवाल्याचा निम्मा धंदा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही आणि तुम्ही त्याला बदलाचं बिल लावणार!

रात्री बाराला दिवस बंद करण्याचंही तेच. देवीच्या पहाटेच्या पूजेला, चरणतीर्थाला, पोचणारी माणसं मध्यरात्रीनंतर येत राहतात. कोजागिरीला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून चालत आलेल्यांची रीघ असते. ऐन त्या घटकेला स्क्रीन अडकवून ठेवणारं सॉफ्टवेअर मामा दुसऱ्या दिवशी बंद करतील आणि वही उघडतील. दिवस कधी संपतो हे मालकाला नाही, गल्ला मोजणाऱ्याला विचारायचं.

शिवाय पार्टनरला लॉगिनला ओटीपी हवा होता, सिक्युरिटी म्हणून. नवरात्रात गर्दीने मोबाइलचं नेटवर्क मेटाकुटीला येतं, मेसेज अर्ध्या तासाने येतो. तोवर समोरचा माणूस पोराबाळांना घेऊन शेजारच्या लॉजवर गेलेला असतो. नेट नसताना काउंटर चाललं पाहिजे, ही रिक्वायरमेंट कुठल्याच प्रश्नावलीत मला सापडली नाही.

तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात सांगायचं तर जुनी वही, बिलबुक आणि नाश्त्याचे केओटी (स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) मागून घ्या. वहीतली खाडाखोड नीट बघा, नियमाबाहेरचं सगळं तिथेच असतं. टॅक्सचा दर कोडमध्ये कोंबू नका, लागू तारखेसकट टेबलात ठेवा. 1000 रुपयांपर्यंतच्या खोलीला आधी जीएसटी नव्हता, 18 जुलै 2022 पासून 12 टक्के लागला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 पर्यंतच्या खोल्यांना इनपुट क्रेडिटशिवाय (म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट न मिळता) 5 टक्के झाला. आंघोळीपुरत्या खोलीचं बिल कसं करायचं ते मालकाच्या सीएला विचारा, स्वतः ठरवू नका.

संभाजीनगरचं हॉटेल असेल तर चित्र वेगळं. तिथे एजंटचे ग्रुप, परदेशी पाहुणे आणि त्यांची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरायचा सरकारी फॉर्म (आधीचा सी फॉर्म). अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे मुक्काम पुढेमागे होत राहतात. तुळजापूरची यादी तिथे उचलून लावू नका.

एक मात्र मान्य करायला हवं, लेखी सही लागतेच. नाहीतर शेवटच्या हप्त्याच्या वेळी "हे तर धरलेलंच होतं की" ऐकायला मिळतं. माझं म्हणणं इतकंच होतं की सही काउंटरवर बसून आल्यानंतर घ्यावी, आणि त्या बसण्याचेही पैसे कोटेशनमध्ये धरावेत. फुकट गेलात तर मालक चहा पाजतो आणि वही दाखवत नाही. पार्टनर हे वाचत असेल तर तो म्हणेल की मोठ्या चेन हॉटेलांत असं चालत नाही. नसेल चालत. तिथे आयटीची माणसं असतात, प्रक्रिया लिहिलेली असते. तुम्ही लॉजबद्दल विचारलंय.

पहिला डेमो रात्रपाळीच्या पोराला द्या, मालकाला नंतर. नाव लिहायला त्याला मराठी की इंग्रजी सोपं जातं ते बघा, आणि आधारचा फोटो तो स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून ठेवतोय का, तेही.