केमो सुरू होताना नोकरी सोडावी का, गृहकर्ज फेडावं का?

प्रश्न: वय ३८, राहणार फोंडा. कुंडईच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. पगार ४२,००० (बेसिक २६,०००). येत्या मे महिन्यात नोकरीला पाच वर्षं पूर्ण होतील. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जानेवारीपासून दर २१ दिवसांनी केमोचे चार डोस, एप्रिलपासून दर आठवड्याला एक असे १२ डोस, मग रेडिएशन. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम ५ लाखांचा आहे, त्यातले २.१० लाख ऑपरेशनला गेले. नूतनीकरण १ एप्रिलला. हॉस्पिटलने पहिल्या डोसांचे प्रत्येकी २८,००० आणि नंतरच्यांचे १४,००० सांगितलेत. एफडी ६ लाख (७ टक्के), गृहकर्ज बाकी ५.८० लाख (८.५ टक्के), हप्ता १४,५००. यजमानांचं बाजारात दुकान आहे, घरात आम्ही तिघं. राजीनामा द्यावा, एफडी मोडून कर्ज फेडावं आणि घरी निवांत उपचार घ्यावेत, असं वाटतं.

उत्तर: राजीनामा देऊ नका आणि एफडीही मोडू नका. दोन्हींत राजीनामा जास्त महागात पडेल, म्हणून आधी त्याचं बोलू.

ग्रुप मेडिक्लेम नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की तोही सुटतो. निदान झाल्यावर नवी पॉलिसी मिळणं जवळजवळ अशक्य. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, पण त्यात छाननी होते, होकार गृहीत धरू नका. आता तुमचेच आकडे बघा. पहिल्या चार डोसांचे १,१२,००० शिल्लक २.९० लाखांत बसतात. १ एप्रिलला पॉलिसीचं नूतनीकरण झालं की ५ लाख पुन्हा भरलेले असतील, आणि १२ डोसांचे १,६८,००० व रेडिएशन त्यातून जाईल. राजीनामा दिलात तर २,८०,००० अधिक रेडिएशन, सगळं खिशातून. शिवाय मे महिन्यात पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या रकमेचा हक्क लागतो: बेसिक २६,००० ला महिन्याच्या कामाच्या २६ दिवसांनी भागून १५ ने गुणा, मग पाच वर्षांनी, म्हणजे ७५,००० रुपये. चार महिने आधी उठून ते सोडायचे कशाला?

निवांतपणा हवाय हे मान्य, पण तो रजेतून मिळवा. एचआरला ईमेलवर तीन गोष्टी विचारा, तोंडी नको: बिनपगारी रजेवर असताना ग्रुप पॉलिसीत नाव राहतं का, त्या काळातला माझ्या वाट्याचा हप्ता कसा कापणार, आणि एप्रिलच्या नूतनीकरणात अटी बदलणार आहेत का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर पूर्ण बिनपगारी जाण्याऐवजी अर्ध्या पगारावर घरून काम मागा.

कामाचं वेळापत्रक डोसाच्या तारखांवर बेता. साधारणपणे डोसानंतरचे तीन-चार दिवस मळमळ आणि थकव्यात जातात, म्हणून गुरुवार किंवा शुक्रवारचा डोस नोकरदाराला सोयीचा. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. बरं वाटत असलं तरी ते दिवस घरूनच काम करा. बस नको, जत्रेची गर्दी तर नकोच. आणि २१ दिवसांचं चक्र महिन्याच्या तारखांशी जुळत नाही. जीएसटीच्या ११ आणि २० तारखा कधीतरी नेमक्या वाईट दिवसांत येणारच, तेव्हा रिटर्न भरायचं काम सहा महिन्यांसाठी आत्ताच दुसऱ्याकडे सोपवा.

आता एफडी. कर्जावर तुम्ही ८.५ टक्के भरता, एफडीवर ७ मिळतात. ५.८० लाखांवर दीड टक्का म्हणजे वर्षाला ८,७००, महिन्याला सव्वासातशे. एवढ्या पैशांत सहा लाख हाताशी राहतात. उलट, एफडी मोडताना बँक बहुधा व्याज कापते, आणि घरात गुंतलेला पैसा रात्री दोन वाजता परत काढता येत नाही. ही रात्र काल्पनिक नाही: केमोच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं असतं, आणि कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत अनामत मागितली जाते. 'डोक्यावर कर्ज नको' ही आपल्याकडची शिकवण चांगली आहे, पण या वर्षी ती बाजूला ठेवा.

सहा लाखांची एकच पावती असेल तर त्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्यावर पैसे उचलण्याची सोय, मंजूर करून ठेवा. व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं. ठेवींवरचं विमा संरक्षण एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंतच असतं. त्यामुळे मुदत संपली की ठेव दोन बँकांत विभागा. तरीही पैसे कमी पडले, तर नोकरीत राहूनही आजारपणासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते.

विम्याचे पैसे अडकतात ते लहान कारणांनी. प्रत्येक डोस हा स्वतंत्र डे-केअर (त्याच दिवशी घरी जाण्याच्या उपचाराचा) दावा असतो, म्हणून पूर्वमंजुरी दोन-तीन दिवस आधी मागा. रक्ततपासणी आणि इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली नसेल तर ते परत येतं. हातमोजे-सिरिंजसारख्या वस्तू बहुधा नाकारल्या जातात. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का, तेही बघा. तिघांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण आहे. तुमचं औषध त्यात बसतं का, हे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) विचारून ठेवा. गंभीर आजाराच्या खर्चावरच्या प्राप्तिकर वजावटीमागे (८०डीडीबी) मात्र धावू नका. नव्या कररचनेत तुमच्या पगारावर तसाही कर लागत नाही.

एप्रिलपासूनचे साप्ताहिक डोस बहुधा पॅक्लिटॅक्सेल या औषधाचे असतील. त्याआधी देतात त्या ॲलर्जी टाळण्याच्या इंजेक्शनने गुंगी येते, तेव्हा स्कूटरने परतायचं नाही. बारा फेऱ्यांचं टॅक्सीभाडं आणि यजमानांच्या बंद दुकानाचे बारा दिवस खर्चात धरा. या औषधाने बोटं बधिर होऊ शकतात. मग टायपिंग मंदावतं आणि चेकवरची सही जुळेनाशी होते. मार्चअखेरीआधी खातं आणि एफडी 'दोघांपैकी कोणीही' अशा सहीवर करून घ्या, आणि पीएफचं नामांकन त्याच आठवड्यात तपासा.