माशाच्या अंगावर पांढरा पुंजका दिसला, तर आधी जखम शोधा

प्रश्न : तळ्यात जाळे फिरवून आठवडा झाला. आता काही रोहूंच्या पाठीवर कापसासारखे पांढरे पुंजके आले आहेत आणि दोन-चार माशांची पोटे फुगली आहेत. खाद्यातून अँटिबायोटिक द्यावे का?

उत्तर : इतक्यात देऊ नका. ही दोन्ही लक्षणे एकाच रोगाची नसावीत.

पांढरा पुंजका बहुधा सॅप्रोलेग्निया बुरशीचा असतो. धडधाकट कातडीवर ती सहसा रुजत नाही. जाळ्यात खवले निघाले, अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेला किंवा उवांनी (आरगुलस) चावे घेतले, की त्या जखमेवर ती वाढते आणि पाणी थंड असेल तर जोर धरते. अँटिबायोटिकचा तिच्यावर काही उपयोग नाही. मात्र कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा रोगही पांढरटच दिसतो आणि इथेच अनेकांची गल्लत होते. मासा पाण्यात असतानाच नीट बघा. बुरशीचे तंतू मोकळे हलतात आणि मासा वर काढताच अंगाला चिकटून बसतात. कॉलम्नॅरिसचा डाग पिवळसर, सपाट, बऱ्याचदा लाल कडेचा असतो, शिवाय पर आणि कल्ले झडू लागतात. हा रोग उबदार पाण्यात झपाट्याने पसरतो आणि कल्ल्यांत शिरला तर मरतूक फार लवकर सुरू होते.

पुंजके आलेले मासे वेगळे काढून मिठाच्या पाण्यात बुडवा. 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ, वेळ एक ते दोन मिनिटे. मासा कलंडू लागला तर वेळ न बघता लगेच साध्या पाण्यात सोडा. बोटुकलीसाठी (बोटाएवढ्या पिल्लांसाठी) मीठ 200 ग्रॅमच घ्या.

तळ्यासाठी पोटॅशियम परमँगनेट 2 पीपीएम, म्हणजे घनमीटरला 2 ग्रॅम. 2000 चौरस मीटरचे तळे दीड मीटर खोल असेल तर 3000 घनमीटर पाणी, त्याला 6 किलो. अंदाजाने टाकू नका, खोली चार ठिकाणी काठीने मोजा. पाण्यात शेण-गाळ जास्त असेल तर जांभळा रंग तासाभरातच तपकिरी होतो, म्हणजे औषध गाळातच खर्ची पडले. अशा वेळी मात्रा वाढवण्याआधी थोडे पाणी बदला आणि खाद्य दोन दिवस बंद ठेवा. औषध सकाळी ऊन वर आल्यावर द्या, एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालू ठेवा. चुना टाकण्याआधी पाण्याचा सामू (pH) तपासा. तो 8.5 च्या वर असताना चुना घातला तर अमोनिया अधिक विषारी होतो.

फुगलेले पोट, उभे राहिलेले खवले, बाहेर आलेले डोळे ही बहुतेक वेळा एरोमोनास जिवाणूंची लक्षणे. संसर्ग शरीराच्या आत असल्याने मिठाने भागत नाही. अँटिबायोटिकचा विचार इथेच होऊ शकतो, पण जिवाणू कोणत्या औषधाला दाद देतात हे तपासल्यावरच. खूप आजारी मासा खाद्याला तोंडच लावत नाही, औषध खातात ते बरे असलेले मासे. दिलेच, तर औषध अंगातून उतरण्यासाठी सांगितलेला कालावधी उलटेपर्यंत मासा विक्रीला काढू नका. मॅलाकाइट ग्रीन हे बुरशीवर वापरले जाणारे हिरवे रंगद्रव्य मात्र खाण्याच्या माशांना कधीच वापरू नका.

मेलेले मासे रोज काढून तळ्यापासून दूर, चुना टाकून पुरा. तपासणीसाठी आजारी पण जिवंत मासे त्याच तळ्याच्या पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून पाठवा. मेलेल्या माशावर इतर जिवाणू लगेच वाढतात आणि मूळ रोग सापडत नाही.