मुलीला ऑक्युपेशनल थेरपी सांगितली आहे, पण आठवड्यातून तीनदा नागपूरला जाणं जमत नाही. घरी करता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सव्वातीन वर्षांची, डाव्या हाताची मूठ मिटलेली, डावा पाय जरा ओढते. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींना येणारा अडथळा) सांगून कागदावर नुसतं ‘ओटी’, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, लिहून दिलं आणि नागपूरचं एक सेंटर आठवड्यातून तीन दिवस या म्हणतं. घाटंजी तालुक्यातल्या खेड्यातून ते होणं नाही. तेव्हा ही थेरपी म्हणजे नेमकं काय, मालिशीनं भागेल का आणि यूट्यूब बघून घरी करू का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. आर्वी तालुक्यात राहते, शिलाई मशीन चालवते. माझ्या मुलाला उजव्या बाजूचा सीपी आहे, आता तो नऊ वर्षांचा झाला. जन्मला तेव्हा सगळं ठीक होतं, दुसऱ्या दिवशी झटके आले. सहा महिन्यांचा असताना खुळखुळा फक्त डाव्या हातानं घ्यायचा. घरचे म्हणाले, डावखुरा आहे, याच्या आजोबासारखा. वर्षाच्या आतलं लेकरू असं एकाच हाताचं होत नसतं, तसं दिसलं तर दाखवायला न्यायचं असतं, हे मला कळलं तेव्हा तो दीड वर्षाचा झाला होता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, घरी करता येतं. खरं तर ही थेरपी मुरते ती घरीच. पण जाणत्या माणसानं मुलीला हात लावून बघितल्याशिवाय आणि मधून मधून तपासल्याशिवाय नाही.

सरकारी दवाखान्यात याची पाटी ‘व्यवसायोपचार विभाग’ अशी असते. आमच्या सासऱ्यांना वाटलं होतं, अपंगांना धंद्यासाठी कर्ज देतात ते हे खातं. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे करतो ते. लेकराचा व्यवसाय म्हणजे खाणं, खेळणं, सदरा घालणं, शी-शू सांगणं, शाळेत पाटी धरणं. फिजिओथेरपीवाले सांधे, स्नायू, चालणं याकडे जास्त बघतात. ओटीवाले विचारतात, या हातानं हिला करायचं काय आहे? प्रत्यक्षात दोन्हींची सरमिसळ होते, त्यात फार अडकू नका. आपल्याकडे हा विषय नवाही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० साली याचं शिक्षण सुरू केलं, आणि आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, याची पदवी शिकवतात. खाजगी सेंटरच्या आधी मेडिकलच्या त्या विभागात एकदा जाऊन या.

मी आधी तिथे गेले नव्हते. एका शहरातल्या सेंटरवर वीस दिवसांचं पॅकेज घेतलं, कापूस विकून आलेले पैसे त्यात गेले. आईनं बाहेर बसायचं, पडदा ओढलेला, आत पंचवीस मिनिटं हातपाय ताणायचे आणि लेकरू रडायचं. घरी येऊन मीही तेच करायची. मूठ उघडायची म्हणून अंगठा धरून ओढायची. जितकी ओढायची तितकी मूठ घट्ट व्हायची. शेवटी शेवटी मी जवळ गेले की तो हात पाठीमागे लपवायचा.

मेडिकलमधल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत माझं ते ओढणं थांबवलं. त्याचं मनगट हलकेच खाली वाकवलं, हाताच्या पाठीवरून बोटांच्या टोकांकडे हात फिरवला, आणि बोटं आपोआप सैल झाली. अंगठा टोकाला धरून ओढायचा नाही, त्याच्या मुळाशी धरायचा. दहा सेकंदांचं काम, आणि मी वर्षभर झगडत होते.

मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला काय हवंय?” मी म्हटलं, हात चांगला व्हावा. “हात चांगला होऊन त्याला काय करायचंय?” मला उत्तरच सुचेना. आषाढ लागला होता, पोळा दोन महिन्यांवर. मी आपलं म्हणाले, “तान्ह्या पोळ्यात सगळी पोरं लाकडी बैल घेऊन फिरतात, हा माझ्या कडेवर असतो.” त्यांनी वहीत लिहिलं : उजव्या हातानं बैलाची दोरी धरणे, डाव्या हातानं बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे) घेणे, पाच घरं. मला वाटलं, या बाईची थट्टा चालली आहे. पण तोच त्याचा दोन महिन्यांचा उपचार होता.

दोरी बारीक होती, ती त्या मुठीत राहत नव्हती. म्हणून मी तिच्यावर चिंध्या गुंडाळून शिवल्या आणि वीतभर अंतरावर गाठी मारल्या. आधी बसून नुसती दोरी धरायची. मग बैल हातभर लांब ठेवायचा आणि ओढून जवळ आणायचा. मग छपरीत उभं राहून. मग दोन पावलं. डाव्या हातात काही दिलं की उजवी मूठ सुटायची, ते सगळ्यात अवघड गेलं. दोन्ही हात एका वेळी वेगवेगळं काम करतात हे त्याच्या डोक्याला ठाऊकच नव्हतं. रोज संध्याकाळी आजोबा घरमालक व्हायचे, दाराशी बसून रुपया द्यायचे. तान्ह्या पोळ्याला दोरी तीनदा सुटली, एकदा बैल नालीत गेला. घरं चार झाली. पाचव्या घरी तो दमला, कडेवर घ्यावं लागलं, पण दोरी त्यानं सोडली नाही.

एक अभ्यास मॅडमनी सांगितला होता, नंतर माझ्या भाचीनं तो मोबाइलवर शोधूनही दाखवला. २००९ साली छापून आलेला, ऑस्ट्रेलियातला. सीपीच्या मुलांच्या आईवडिलांना घरी करायचा ओटीचा कार्यक्रम दिला. ८ आठवड्यांत आईवडिलांनी तो महिन्याला सरासरी साडेसतरा वेळा केला, दर वेळी साडेसोळा मिनिटं. रोजसुद्धा नाही! तेवढ्यानं त्या मुलांमध्ये, कार्यक्रम न दिलेल्या मुलांपेक्षा जास्त फरक पडला. फक्त तो कार्यक्रम त्या त्या घरानं ठरवलेल्या कामावर बेतलेला होता. तेव्हा आठवड्यातून तीनदा नागपूर झालं नाही म्हणून स्वतःला कोसत बसू नका. आम्ही महिन्यातून एकदा जायचो, आता तीन महिन्यांतून एकदा.

मालिश करा, लेकराला बरं वाटतं, आईलाही वाटतं. पण तेल चोळून हात चमचा धरायला शिकत नाही. दुसऱ्यानं हात हलवला तर मेंदू त्यातून फारसं शिकत नाही, तिनं स्वतः धडपडावं लागतं. यूट्यूबचं म्हणाल तर ते व्हिडिओ कुणा दुसऱ्याच्या लेकराचे असतात. फोन उलटा वापरा : मुलगी जेवताना, खेळताना, पायऱ्या चढताना तिचाच व्हिडिओ काढा आणि थेरपिस्टला दाखवा. दवाखान्यात गेलं की आपली लेकरं तशीही गप्प बसतात, काही करून दाखवत नाहीत.

आमच्या घरात जे चाललं ते सांगते, तुमच्या मुलीला काय लागू पडेल ते तिला बघणाऱ्यानं ठरवावं. गंजात तुरीच्या शेंगा घेऊन बसायचो. एका हातानं शेंग सोलली जात नाही, दुसऱ्यानं धरावीच लागते. सुरुवातीला उजव्या हाताचं काम फक्त शेंग दाबून धरायचं. दुखऱ्या हाताला कायम मदतनिसाचं काम द्या, मालकाचं नको, तो तिथे हरतो आणि चिडतो. पोळपाट-लाटणं, डब्याचं झाकण, कणकेचा गोळा, कागद टरकावणं, ही सगळी दोन हातांची कामं. कापूस मात्र वावरातून आणलेला देऊ नका. फवारणीचा असतो आणि लेकरांचे हात तोंडात जातात. जुन्या गादीतला धुऊन वाळवलेला दिला तरी चिमटीचं काम होतं. मुलगी दाणे गिळायच्या वयाची असेल तर त्यावरही नजर हवी.

चांगला हात काही वेळ झाकून दुसऱ्याला कामाला लावायची एक रीत आहे. मी जुन्या परकराचा बिनबोटांचा पंजा शिवला, त्यावर बैलाचं तोंड काढलं. दिवसातून एक तास, खेळताना, मी समोर बसलेली असताना. चालताना कधीच नाही, कारण पडलं तर सावरायला तोच हात असतो. हे मात्र थेरपिस्टनं सांगितल्याशिवाय करू नका. घट्ट तर कधीच बांधू नका.

कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. गुंड्यांच्या जागी मी आधी वेल्क्रो लावला, वर्षभरानं मोठ्या गुंड्या. पँटला इलॅस्टिक. जेवताना पाठ टेकलेली आणि पाय खाली टेकलेले हवेत, लोंबकळते नकोत, पायाखाली पाट ठेवा. डावा हात मांडीवर न ठेवता ताटाशी ठेवायचा, वाटी धरायला. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला की तो जाड होतो, निसटत नाही. आणि मुलीला आडवं करून कधी चारू नका. घास श्वासनळीत जातो.

यातलं सगळ्यात जड काम मात्र माझ्या वाट्याला आलं, ते म्हणजे स्वतःचे हात मागे ठेवणं. सदऱ्यात हात घालायला त्याला दहा-बारा मिनिटं लागायची. मी मशीनवर बसून बघायची, टाका चुकायचा. सासूबाई उठून यायच्या. “काहून छळतं वं त्या लेकराले? दे, मी चारतो.” त्यांची माया खोटी नव्हती, पण त्या मायेपायी त्याचा हात रिकामा राहत होता. त्यांना मी समजावू शकले नाही. मॅडमनी समजावलं, तेही भाषण देऊन नाही. त्यांना नागपूरला नेलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, “आजी, याला भजनात टाळ कोण शिकवणार?” आमच्या गावात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, मग खंजिरीवर भजन. आजी तेव्हापासून त्याला सोबत नेतात. टाळाची दोरी उजव्या हाताच्या बोटांत अडकवून देतात आणि स्वतःचे हात पदराखाली घेऊन बसतात, आपण मध्ये घालू नये म्हणून. बेताल वाजवतो. कुणी काही म्हणत नाही.

बाकी थोडक्यात. झटक्यांच्या गोळ्या चालू असतील तर कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. पायाच्या स्प्लिंटचं (पाय नीट ठेवणाऱ्या आधारपट्टीचं) विचारा. पूर्ण बरं करतो म्हणणाऱ्यांपासून आणि स्टेम सेलच्या जाहिरातींपासून लांब राहा, सीपीसाठी तो मान्य उपचार नाही. मेंदूला झालेली इजा जात नाही, पण ती वाढतही नाही. फरक पडतो तो हाताच्या वापरात.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेचं, म्हणजे लेकरांची सरकारी आरोग्य तपासणी करणारं, पथक येतं. त्यांच्याकडून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. तिथे थेरपिस्ट आज आहे का ते आधी फोनवर विचारा, पद रिकामं असलं तर फेरी वाया जाते. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या, एसटीत सवलत मिळते. तुमचं स्वतःचं तिकीट तर २०२३ पासून अर्धंच आहे. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय नावाचा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, सीपी त्यात बसतो आणि थेरपीचा काही खर्चही मिळतो. पावत्या जपून ठेवा. शाळेत घालायची वेळ आली की पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा.

पहिल्यांदा जाल तेव्हा तिची रोजची वाटी, चमचा, चपला आणि अंगात घालायला सगळ्यात त्रास देतो तो फ्रॉक सोबत न्या. नुसते रिपोर्ट नेऊ नका. दाखवलेलं तिथेच स्वतःच्या हातानं करून दाखवा आणि त्याचा व्हिडिओ काढू द्या म्हणा, घरी येईपर्यंत अर्धं विसरायला होतं. आणि त्या फ्रॉकच्या बाहीचा फोटो काढता आला तर इथेच टाका, कुठे उसवून वेल्क्रो लावायचा ते मी सांगते.