पत्रा इतका कडक, मग ‘मृदू चुंबकीय’ कसा?

प्रश्न असा आहे: ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला सीआरजीओ पत्रा (सिलिकॉन घातलेल्या पोलादाचा खास पत्रा) चांगला ताठ असतो, तरी पुस्तकं त्याला ‘मृदू चुंबकीय’ म्हणतात. हे भाषांतर चुकलंय का? सरळ ‘मऊ’ म्हणावं का?

भाषांतर बरोबर आहे, ‘मऊ’ मात्र नको. मऊपणा हाताला कळतो: मऊ भात, मऊ गादी. ‘मृदू’ स्पर्शाला तसा बांधलेला नाही. व्याकरणात आपण क, ख यांना कठोर आणि ग, घ यांना मृदू व्यंजनं म्हणतोच की. इथेही जोडी तीच आहे आणि ती धातूच्या वागण्याबद्दल आहे. बाहेरून चुंबकीय क्षेत्र आलं की चटकन चुंबकत्व घेणारा आणि ते गेलं की सोडून देणारा तो मृदू. एकदा घेतलं की धरून बसणारा तो कठोर. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला 100 वेळा दिशा पालटतं. तिथे धरून बसणारा धातू घातला तर दर पालटीला ऊर्जा उष्णतेत वाया जाईल.

शब्द आला मात्र खऱ्याखुऱ्या मऊपणातूनच. तापवून सावकाश निववलेलं लोखंड मऊ, ते चुंबकत्व टिकवत नसे. पाणी दिलेलं, म्हणजे तापवून झटकन थंड केलेलं पोलाद कठीण, ते टिकवत असे. ही सांगड सिलिकॉनने मोडली. सुमारे 3 टक्के सिलिकॉन घातलं की पोलाद हाताला जास्त कडक होतं, चुंबकीय दृष्टीने मृदूच राहतं.

म्यू-मेटलमध्ये त्या जुन्या सांगडीचा धागा अजून दिसतो. 1923 साली लंडनमध्ये पेटंट झालेला, सुमारे 77 टक्के निकेल असलेला हा मिश्रधातू. ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर म्हणजे चुंबकीय पार्यतेची (चुंबकीय क्षेत्राला अंगातून वाट देण्याच्या क्षमतेची) खूण, म्हणून नाव भाषांतर न करता तसंच ठेवावं. नाजूक उपकरणाभोवती याचं कवच करतात. ते क्षेत्राला अडवत नाही, स्वतःच्या अंगातून वाट देतं. डबी घडवून झाली की ती हायड्रोजनमध्ये 1100 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी लागते. त्यानंतर ती ठोकली, वाकवली, अगदी हातून पडली तरी आतली स्फटिकरचना ताणली जाते आणि पार्यता घसरते. जुनी सांगड ती हीच: तापवून निववलं की मृदू, ठोकलं की मृदूपणा कमी.

लिहिताना ‘मृदू चुंबकीय मिश्रधातू’ असं पूर्ण लिहावं. ‘मृदू चुंबक’ टाळावं. क्षेत्र गेल्यावर हा धातू चुंबक म्हणून जवळजवळ उरतच नाही.