डॉलरची सद्दी संपली का?

प्रश्न : आमची निफाडला द्राक्षबाग आहे. रशियाचा एक व्यापारी यंदा रुपयांत पैसे द्यायला तयार आहे. मुलगा म्हणतो, डॉलर आता बुडणार, दुबईची बिलेही रुपयांतच करू या. काय करावे?
— एक बागायतदार

उत्तर : रशियाचे पैसे रुपयांत जरूर घ्या. जुलै 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यासाठी खास व्होस्ट्रो खात्यांची, म्हणजे परदेशी बँकांनी भारतीय बँकांत उघडलेल्या रुपयांतल्या खात्यांची, सोय केली आहे. मजुरी, औषधे, पॅकिंग हा तुमचा सगळा खर्च रुपयांतच होतो, त्यामुळे दराचा घोर राहत नाही.

मुलाची शंका पोकळ नाही, हे आधी सांगते. मी एकतीस वर्षे बँकेच्या परकीय चलन विभागात काढली, पण चलनाचा पहिला धडा मिळाला तो रत्नागिरीच्या घरात. काका दुबईहून आले की दहा रुपयांची लाल नोट दाखवीत. आपल्याच रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये खास आखातासाठी काढलेली. इथे चालत नसे, तिथे मात्र बाजारहाट तिच्यावरच. 6 जून 1966 ला रुपयाचे अवमूल्यन झाले, 4.76 रुपयांचा डॉलर साडेसातला गेला, आणि त्याच वर्षी दुबईने रुपया सोडला. काकांच्या शिलकीचे मोल एका रात्रीत घटले होते.

डॉलरवरचा भरवसाही 2022 पासून हलला आहे. रशियाची सुमारे 300 अब्ज डॉलर मोलाची परकीय चलनाची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली, तेव्हापासून अनेक मध्यवर्ती बँका सोने साठवत आहेत. जगाच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा पंचवीस वर्षांपूर्वी सत्तर टक्क्यांच्या घरात होता, आता साठाच्या खाली आहे.

पण त्याची जागा घेणार कोण? मे 2023 मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह गोव्यात आले होते. भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठलेत, ते वापरता आले पाहिजेत, असे ते बोलले. तेल त्यांनी भरपूर विकले, आपल्याकडून घेतले थोडे. मग रुपये खर्चणार कुठे? डॉलर हातात आला की अमेरिकी रोख्यांत ठेवता येतो, हवा तेव्हा मोडता येतो. युआन चीनबाहेर न्यायला तिथल्या सरकारचेच निर्बंध आहेत.

दुबईचे बिल डॉलरमध्येच राहू द्या. तिथले चलन दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे, त्यामुळे तिथला व्यापारी रुपयासाठी उगाच भाव पाडून मागेल. तुमचे पैसे दोन-तीन महिन्यांत येतात. तेवढ्या मुदतीचे फॉरवर्ड कव्हर, म्हणजे पुढे येणारे डॉलर आजच ठरलेल्या दराने विकण्याचा करार, बँकेकडून घ्या. आणि रशियाचा व्यापारी नवा असेल, तर कंटेनर भरण्याआधी निम्मी रक्कम खात्यात जमा करून घ्या.