तिकिटावरचं ‘लास्त्रोलाब’: हे ला पेरूझचं बेपत्ता जहाज नव्हे

तुमच्या तिकिटावर तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे, खाली ‘लास्त्रोलाब’ हे नाव, १८४० हे साल आणि फ्रेंच दक्षिणी व अंटार्क्टिक प्रदेशांचं नाव आहे. ला पेरूझ या फ्रेंच दर्यावर्दीबरोबर गडप झालेलं जहाज ते हेच का, असा तुमचा प्रश्न.

नाही. फ्रेंच नौदलात या नावाची दोन शिडाची शोधजहाजं होऊन गेली आणि दोन्ही तिकिटांवर येतात, म्हणून ही गल्लत फार होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: सोबतचं जहाज बघा. जोडीला ‘बूसोल’ असेल किंवा १७८५ ते १७८८ मधलं साल असेल, तर ते पहिलं, ला पेरूझच्या मोहिमेतलं. जोडीला ‘झेले’ असेल, किंवा द्युमाँ द्युर्विल या फ्रेंच कप्तानाचं नाव, तेर आदेली या अंटार्क्टिक किनाऱ्याचा बर्फ, पेंग्विन किंवा १८४० असेल, तर ते दुसरं. तुमचं दुसरं आहे.

पहिल्याचं मूळ नाव ‘ओत्रुश’, म्हणजे शहामृग. मालवाहू जहाज. १ ऑगस्ट १७८५ ला ते ब्रेस्त बंदरातून निघालं. त्याचा कप्तान फ्लरियो द लांग्ल डिसेंबर १७८७ मध्ये सामोआच्या तुतुइला बेटावर मारला गेला. मार्च १७८८ मध्ये दोन्ही जहाजांनी ऑस्ट्रेलियातली बॉटनी बे सोडली आणि त्यानंतर ती कोणाला दिसली नाहीत. ती दक्षिण प्रशांत महासागरातल्या वानिकोरो बेटाच्या प्रवाळखडकांवर फुटली होती.

दुसऱ्याचा जन्म आणखी साधा. १८११ साली ते भूमध्य समुद्रकिनारी, तूलाँच्या परिसरात बांधलं गेलं ते घोडे वाहून नेण्यासाठी. नाव ‘कोकी’, म्हणजे शिंपला. वजन ३८० टनांच्या आसपास. लढाऊ जहाज सडपातळ असतं, तोफा आणि माणसांनीच भरून जातं. घोडे न्यायचं जहाज रुंद, पोटाचं मोठं आणि तळाला बरंच सपाट. वेग कमी, पण भरपूर धान्य, पाणी, सुटे दोर, शिडं आणि वर निसर्गवैज्ञानिकांच्या पेट्या त्यात मावतात, आणि ओहोटीत खडकावर बसलं तर लगेच आडवं होत नाही. इंग्रज कप्तान कुकनेही ‘एंडेव्हर’साठी कोळसा वाहणारं जहाज निवडलं ते याच हिशोबाने. तिकिटावरच्या चित्रात जहाज ठेंगणं आणि फुगीर दिसतं, ती चित्रकाराची चूक समजू नका.

याच ‘कोकी’ने १८२२ ते १८२५ मध्ये द्युपेरे या कप्तानाच्या हाताखाली पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि एकही माणूस दगावला नाही. त्या काळात ही दुर्मीळ गोष्ट. द्युर्विल तेव्हा दुय्यम अधिकारी होता. १८२६ मध्ये तेच जहाज त्याच्याकडे आलं. ला पेरूझचा माग काढणं हा मोहिमेचा एक हेतू होता, म्हणून जहाजाचं नाव बदलून बेपत्ता जहाजाचं नाव दिलं. घोळाचं मूळ हे.

या फेरीत जहाज दोनदा बुडता बुडता वाचलं. जानेवारी १८२७ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटापाशी एका चिंचोळ्या फटीतून जाताना भरतीच्या ओढीने ते खडकाला घासलं. त्या फटीला आज ‘फ्रेंच पास’ म्हणतात आणि पलीकडच्या बेटाला द्युर्विलचं नाव आहे. एप्रिलमध्ये टोंगाच्या टोंगाटापू बेटापाशी वारा पडला आणि जहाज प्रवाळखडकाकडे वाहू लागलं. नांगर टाकले, पण प्रवाळाची धार नांगराचे दोर करवतीसारखी कापत होती. जहाज वाचलं, नांगर गेले. प्रवाळाच्या समुद्रात दोराचा नांगर किती बेभरवशाचा, हे इथे नीट दिसतं. लोखंडी साखळ्या तेव्हा नुकत्याच वापरात येत होत्या.

वानिकोरोच्या शोधाचं श्रेय मात्र द्युर्विलचं नाही, हे बहुतेक तिकिटं सांगत नाहीत. १८२६ मध्ये पीटर डिलन हा व्यापारी कप्तान तिकोपिया बेटावर थांबला. तिथे राहणाऱ्या जो नावाच्या एका भारतीय लस्कराने, म्हणजे खलाशाने, जुन्या तलवारीची चांदीची मूठ डिलनच्या माणसाला विकली होती. ती वानिकोरोहून आली होती. डिलनने कलकत्त्याला येऊन ईस्ट इंडिया कंपनीला पटवलं, ‘रिसर्च’ नावाचं जहाज मिळवलं आणि १८२७ मध्ये वानिकोरोला जाऊन अवशेष गोळा केले. द्युर्विलला ही बातमी टास्मानियातल्या होबार्ट बंदरात कळली. तो फेब्रुवारी १८२८ मध्ये पोचला, खडकातून नांगर आणि तोफ काढली, मृतांचं स्मारक उभारलं. पण हिवतापाने त्याचे इतके खलाशी आडवे झाले की मार्चच्या मध्यात त्याला निघावंच लागलं.

तुमच्या तिकिटावरचं साल यानंतरच्या फेरीचं. सप्टेंबर १८३७ मध्ये ‘आस्त्रोलाब’ (फ्रेंच उपपद जोडलं की ‘लास्त्रोलाब’) आणि जाकिनोच्या ताब्यातलं ‘झेले’ तूलाँहून निघाली. राजा लुई फिलिपने ७५ अंश दक्षिणेपर्यंत पोचल्यास प्रत्येक खलाशाला १०० फ्रँक आणि पुढच्या प्रत्येक अंशाला २० फ्रँक बक्षीस कबूल केलं होतं. १८३८ च्या सुरुवातीला अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्रात बर्फाने वाट अडवली, जहाजं काही दिवस अडकली, खलाशी उतरून कुदळींनी बर्फ फोडत होते. ही जहाजं बर्फासाठी बांधलेली नव्हतीच. मग स्कर्व्ही, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणारा आजार, आणि पुढे आमांश. संपूर्ण मोहिमेत वीसहून अधिक माणसं गेली. चित्रकार गूपिल होबार्टमध्ये वारला, आणि त्यानंतर चित्रं काढायचं काम साहाय्यक शल्यवैद्य लुई ल ब्रेतोंवर आलं. बर्फातल्या ‘आस्त्रोलाब’ची जी प्रतिमा आपल्या परिचयाची आहे, ती मुख्यतः त्याच्या शिळाछापांतून आली.

जानेवारी १८४० च्या सुरुवातीला होबार्ट सोडून तिसऱ्या आठवड्यात त्यांना जमीन दिसली. द्युर्विलने तिला बायकोचं, आदेलचं, नाव दिलं. खरं पाऊल मुख्य भूमीवर पडलं नाही. किनाऱ्यालगतच्या एका छोट्या खडकावर उतरून दगडाचे तुकडे फोडले, झेंडा लावला आणि बोर्दोची वाइन प्यायले. परतीत टॉरेस सामुद्रधुनीत दोन्ही जहाजं खडकावर बसली आणि सुमारे आठवड्याने मोठ्या भरतीला सुटली. नोव्हेंबरमध्ये तूलाँ. द्युर्विल १८४२ मध्ये मदोंजवळच्या रेल्वे अपघातात बायको-मुलासह गेला.

आता संग्रहाचं. १९२४ पासून तेर आदेली प्रशासनाने मादागास्करला जोडलेली होती, म्हणून १९४८ मध्ये निघालेलं तिकीट मादागास्करचं आहे, वर ‘तेर आदेली द्युमाँ द्युर्विल १८४०’ असा जादा छाप. ते मादागास्करच्या पानावर लावून हा विषय अपुरा ठेवणारे बरेच दिसतात. १९५५ नंतर प्रदेश वेगळा झाला आणि त्याची स्वतःची तिकिटं सुरू झाली. यातली जुनी बरीच कोरीव पत्र्यावरून छापलेली आहेत: भिंगाखाली दोरखंड रेषारेषांनी दिसतात, आणि शाई बोटाला किंचित उठलेली लागते. चित्र ठिपक्यांचं दिसलं, तर ते तिकीट ऑफसेटसारख्या दुसऱ्या पद्धतीने छापलेलं समजा.

एक सापळा: ‘लास्त्रोलाब’ नावाची आधुनिक बर्फफोडी जहाजंही याच प्रदेशाच्या तिकिटांवर आहेत, त्यांतलं सध्याचं २०१७ पासून फ्रेंच नौदल चालवतं. डोलकाठ्या आणि शिडं नसतील तर ती याच्यात मिसळू नका. आणि तुमचं तिकीट पाकिटावर असेल आणि शिक्का अंटार्क्टिकातल्या द्युमाँ द्युर्विल तळाचा असेल, तर ते पाण्यात घालून सोडवू नका; पाकीट आहे तसंच ठेवा, शिक्क्यासकट त्याची किंमत सुट्या तिकिटापेक्षा बहुधा जास्त येते. सुटंच करायचं असेल तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, कागद आपोआप सुटू द्या, आणि मग तिकीट पालथं घालून टीपकागदावर वाळवा. रंगीत पाकीट मात्र वेगळं भिजवा, नाहीतर त्याचा रंग तिकिटाला लागतो.